धुळ्याचा भाव

पाचोऱ्याहून मी माहेरी परत आले तेव्हा विशीचीही नव्हते. नवऱ्याचं मन आणि बिऱ्हाड दोन्ही आधीच दुसरीकडे होतं, आणि ते मला सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं. वर्ष भरायच्या आत चार माणसं बसली, फारकत झाली, आणि माझी ट्रंक ज्या बैलगाडीतून स्टेशनवर गेली होती तशाच एका बैलगाडीतून धरणगावच्या आमच्या दारात उतरली. त्यापलीकडे त्या प्रकरणात सांगण्यासारखं काही नाही. त्यानंतरचे कितीतरी महिने मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला नाही, हे मात्र सांगायला हवं. गल्लीतल्या बाया विरजण मागायच्या निमित्तानं यायच्या आणि मान लांब करून आत बघायच्या. माय विरजणाची वाटी दारातच हातावर ठेवायची आणि दार भरून उभी राहायची. ती तशी सडपातळ बाई. पण त्या काळात ती दार कशी काय भरून उभी राहायची, कोण जाणे.

आमचं घर म्हणजे पुढे सुतारकामाची पडवी आणि मागे दोन खोल्या. आबा, म्हणजे माझे वडील, गावात आबा मिस्त्री म्हणूनच ओळखले जात. पडवीत त्यांच्यासोबत दोन कामगार असत. दिवसभर करवत, वाकस, हातोडी यांचे आवाज मागच्या खोलीत यायचे आणि कोणता आवाज कोणाचा हे मला न बघता कळायचं. आबांचा रंधा चालला की एक लांब, न तुटणारा आवाज व्हायचा, जणू कोणी रेशमी कापड सावकाश फाडत आहे. रंध्यातून निघालेल्या सागाच्या ढलप्या माय टोपलीत भरून आणायची आणि चूल पेटवायला वापरायची. त्यामुळे आमच्या भाकरीला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीलासुद्धा, सागाचा एक मंद वास असायचा. थंडीच्या दिवसांत त्याच विस्तवावर हिरवी वांगी भाजली जायची. माय लाकडी बडगीत भरीत ठेचायला बसली की आबा पडवीतून ओरडून सांगायचे, “मिरच्या कमी नको टाकजो!” आणि जेवताना डोळ्यांतून पाणी काढत खायचे. आज माझ्या घरी भरीत मिक्सरमधून निघतं. चव वाईट नसते, पण ते करताना ठेचण्याचा आवाज येत नाही, आणि आवाजावाचून मला भूक लागत नाही.

एक दिवस आबांनी कापडी पिशवी माझ्यासमोर धरली आणि जळगावहून बिजागऱ्या आणि स्क्रू आणायला सांगितलं. माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “एकटी पोर जळगावले जाई?”

“जाई,” आबा म्हणाले. “रस्ता तिले माहीत शे.”

मला जायचं नव्हतं. पण आबांपुढे नाही म्हणायची सवय नव्हती, म्हणून गेले. पॅसेंजरमध्ये खिडकीशी डोक्यावरून पदर घेऊन बसले. जळगावच्या बाजारात उतरले आणि तासाभरात माझ्या लक्षात आलं की इथे मला कोणी ओळखत नाही. मी कोणाची टाकलेली नव्हते, कोणाची बिचारी नव्हते. बिजागरीचं गिऱ्हाईक होते. दुकानदारानं भाव सांगितला, मला तो जास्त वाटला, मी तसं म्हटलं. त्यानं थोडा उतरवला. मी बिजागरी परत ठेवून दुसरीच वस्तू बघू लागले. त्यानं आणखी उतरवला. घरी आल्यावर आबांनी विचारलं, “कितलामा भेटनं?” मी सांगितलं. त्यांनी बिजागरी उलटीसुलटी करून पाहिली, कामगारांना दाखवली आणि म्हणाले, “आते बठ्ठी खरेदी इंदूच करी.”

तेव्हापासून मी जळगाव गाठू लागले. पॉलिश पेपर, सरस, कडीकोयंडे, करवतीची पाती, सगळं मी आणायची. भाव करायचा म्हणजे भांडायचं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जी वस्तू हवी ती शेवटी विचारायची. हातात घेतलेली वस्तू खाली ठेवताना घाई करायची नाही. आणि समोरासमोर दोन दुकानं असतील तर पहिल्या दुकानात मोठ्यानं बोलायचं, म्हणजे दुसऱ्यातला कान देऊन ऐकतो. परवा माझा मुलगा ड्रिल मशीन घेत होता. फोनवर बोट फिरवून त्यानं सात दुकानांचे भाव एका जागी मांडले आणि सगळ्यात कमी असेल तिथे बोट टेकवलं. झालं! दुकानदाराचं तोंड त्यानं पाहिलं नाही, दुकानदारानं त्याचं पाहिलं नाही. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि थोडी त्याची कीवही आली.

मग फैजपूरचं काम आलं. केळीत चांगला पैसा झालेल्या एका शेतकऱ्यानं तिकडे दुमजली बंगला बांधायला घेतला होता आणि सगळी दारं-खिडक्या सागाची हवी होती. इतकं मोठं काम आबांनी आधी कधी धरलं नव्हतं. धरलं, आणि नेमका त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी ते बोलले नाहीत. पण रंध्याचा तो लांब आवाज मधे मधे तुटू लागला, आणि मागच्या खोलीत माय आणि मी दोघीही हातातलं काम थांबवून तो पुन्हा सुरू व्हायची वाट पाहू लागलो. संध्याकाळी माय तेल गरम करून त्यांचा खांदा चोळायची. ते डोळे मिटून म्हणायचे, “काही नही, वाऱ्यानं धरनं शे.”

विजेवर चालणारा रंधा बाजारात आला होता. आबांनी एकदा एक स्वस्तातला आणूनही पाहिला होता. तो चौथ्या चौकटीला धूर सोडून बसला. चांगला रंधा म्हणजे जर्मन बनावटीचा. बाहेरचा माल तेव्हा नुकताच आपल्याकडच्या दुकानांत मिळू लागला होता, आणि त्याचे भाव ऐकून माणसं हसून बाहेर पडायची. आबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, “घेना तं चांगलाच घेना. भाव तू पाह्य.”

जळगावला तो दोनच दुकानांत होता आणि ती दुकानं समोरासमोर होती. एकाचे मालक कांतिशेठ, गोल चेहऱ्याचे, गादीवर मांडी घालून बसलेले. ते मला ‘बेन’ म्हणायचे आणि मी आले की आधी स्वतःसाठी पाणी मागवायचे, कारण भाव करताना माझा घसा सुकत नाही हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालं होतं. यंत्र खोक्यातूनही न काढता ते म्हणाले, “बेन, यात भाव होत नाही. हा बाहेरचा माल आहे.” समोरच्यानं त्यांच्यापेक्षा थोडा कमी सांगितला, पण पक्कं बिल देईना. मी दोघांना सांगितलं, की धुळ्याला चौकशी करून येते. धुळं मुंबईच्या रस्त्यावर, ट्रक आधी तिथे खाली होतात, तिथे स्वस्तच असणार. कांतिशेठ हसले, पण त्यांचं हसू जरा उशिरा आलं. मला कळलं की धुळ्याचं नाव त्यांना लागतं.

धुळ्याला मी त्याआधी कधी गेले नव्हते. एरंडोल, पारोळा करत एसटीनं पोहोचेपर्यंत अंग खिळखिळं झालं. आग्रा रोडवर विचारत विचारत एक अरुंद, खोल दुकान सापडलं. आत एक माणूस स्टुलावर बसून उघडलेल्या यंत्राचं पोट साफ करत होता. पस्तिशीच्या आसपासचा, कानाशी थोडे पांढरे केस, हात काळे झालेले. मी म्हटलं, “जर्मन रंधा मशीन आहे का?”

त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, “लाकूड कोणतं?”

हा प्रश्न मला जळगावात कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, साग. तो आत गेला, सागाची एक फळी घेऊन आला, ती बाकाला आवळली, खोक्यातून यंत्र काढलं, पिन लावली. मग ते स्वतः चालवायच्या ऐवजी माझ्याकडे केलं. “घ्या. चालवून बघा.”

मी म्हटलं, “मी?”

“विकत तुम्ही घेताय ना?”

मी सुताराची मुलगी. रंध्याच्या आवाजात वाढले, रंध्याच्या ढलप्यांवर शिजलेलं खाल्लं, पण रंधा कधी हातात धरला नव्हता. पडवीत बायांनी हत्यारांना हात लावायचा नाही, असं कोणी सांगितलेलं नव्हतं. फक्त कधी कोणी दिलं नव्हतं. त्यानं कुठे धरायचं ते दाखवलं, दाबायचं बटण दाखवलं आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. यंत्र एकदम जिवंत झालं. पहिल्यांदा मी घाबरून थांबवलं. दुसऱ्यांदा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. आमच्या चुलीचा वास त्या परक्या दुकानात भरून राहिला. मी फळीवर तळवा फिरवला. ती अगदी आबांनी केल्यासारखी गुळगुळीत झाली होती. मला हसू आलं. फारकतीनंतर मी परक्या माणसासमोर हसले ती ही पहिली वेळ, हे मला परतीच्या एसटीत कळलं. आणि भाव विचारायचा राहूनच गेला, हे पारोळ्याला कळलं.

घरी आबांनी विचारलं, “भाव काय सांगा त्यानी?”

मी म्हटलं, “यंत्र चांगलं आहे. भाव मुंबईहून नवा यायचा आहे.”

दुसऱ्या खेपेला मी आधी भावच विचारला. त्या माणसाचं नाव पंडित होतं, आजूबाजूचे त्याला पंडितशेठ म्हणत. तो थोडा वेळ कपड्यानं हात पुसत राहिला आणि म्हणाला, “नवा माल यायचा आहे. भाव बदलेल. पुढच्या मंगळवारी याल?” कांतिशेठनं असं उत्तर दिलं असतं, तर आजचा भाव आज सांगा म्हणून मी तिथेच ठाण मांडलं असतं. पण मी म्हटलं, “बरं.” आणि चहा घेतला. त्यानं पाती कशी बदलायची, मोटरचा कार्बन झिजला की आवाज कसा बदलतो, ते दाखवलं. मी त्याला फैजपूरच्या बंगल्याचं, आबांच्या खांद्याचं सांगितलं. तो ऐकताना हातातलं काम बाजूला ठेवायचा, ही त्याची सवय मला तेव्हाच लक्षात आली.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्याची आई दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली होती. शेवभाजी आणि पोळ्या. तिनं मलाही जबरदस्तीनं पोळी वाढली आणि म्हातारी माणसं विचारतात तसं विचारलं, “सासर कोठलं तुनं?” मी खोटं बोलू शकले असते. बाजारात मी दिवसातून दहादा खोटं बोलायचे. पण हातात तिची पोळी होती. मी म्हटलं, “पाचोऱ्याला दिलं होतं. नांदवलं नाही. फारकत झाली.” म्हातारीनं डब्याचं झाकण लावलं. पंडितशेठ काउंटरमागे उभा होता, त्यानंही ऐकलं. मला वाटलं, झालं, आता इथेही मी गिऱ्हाईक उरणार नाही. मी हात धुतले, पिशवी उचलली. मी पायरी उतरत असताना तो मागून म्हणाला, “मंगळवारी या. भाव नक्की येईल.”

मी वळून पाहिलं नाही. पण एसटीत उभं राहायला लागलं तरी त्या दिवशी पाय दुखले नाहीत.

इकडे जळगावला मी कांतिशेठना सांगत होते, धुळ्याला तुमच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. ते विचारायचे, किती कमी? मी म्हणायची, ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल बेन खोटं बोलते. ते घाम पुसायचे आणि थोडा भाव उतरवायचे. असं करत करत जो भाव धुळ्याला कोणी उच्चारलाच नव्हता, त्याच्याशी स्पर्धा करून कांतिशेठ बरेच खाली आले होते.

फैजपूरहून तगादा सुरू झाला. आबांनी एक दिवस खांदा दाखवायला जळगावचा दवाखाना गाठला आणि येताना सहज म्हणून कांतिशेठच्या दुकानात डोकावले. संध्याकाळी घरी आले ते हातात जिलबीचा पुडा घेऊनच. पडवीतूनच ओरडले, “इंदू, काम व्हयनं! शेठनी शेवटला भाव सांगा. म्हने, धुळेवाल्याले मी हारनार नही.” त्यांनी भाव सांगितला. खरोखर चांगला होता. त्या यंत्राला तितका कमी भाव जळगावात कोणाला मिळाला नसेल. कामगारही उठून उभे राहिले. “उद्या जाऊत आन् लई येऊत,” आबा म्हणाले.

मी म्हटलं, “थांबा ना, आबा. धुळ्याचा भाव अजून आला नाही.”

आबा जिलबीचा दोरा सोडत होते. “म्हंजे? शेठले तं तू सांगं ना, धुळ्याले कमी शे?”

“ते मी नुसतं म्हटलं होतं. त्यांनी सांगितलाच नाही अजून.”

आबा मोठ्यानं हसले. कांतिशेठला त्यांच्या मुलीनं हवेतल्या भावावर लोळवलं, याचा त्यांना भारी आनंद झाला. त्यांनी ते कामगारांना पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, “पन इतल्या खेपा कऱ्यात तू. येक बी बार भाव कसा नही सांगा त्यानी?” मी जिलबीचा सुटलेला दोरा उचलून गुंडाळू लागले. “आन् तू इचारा नही?” मी खाली बघत राहिले. माझ्यासारखी बाई, जी मेथीच्या जुडीला दोनदा भाव करायची, तिनं दुसऱ्या खेपेनंतर एकदाही विचारलं नाही. कामगारांना काहीतरी काम आठवलं. माय दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, “आते तरी समजनं का तुमले?”

आबांनी जिलबीचा पुडा तसाच खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. जेवताना त्यांनी मिरचीसुद्धा मागितली नाही. मला वाटत होतं, आता माझं जळगाव बंद, धुळं बंद, पुन्हा तीच मागची खोली. मी भांडी घासायला बसले आणि रडले, आवाज न करता. माय शेजारी येऊन बसली आणि मी घासलेली भांडी एकेक करून धुवत राहिली.

सकाळी आबा धुतलेली टोपी घालून तयार होते. म्हणाले, “चाल. धुळे जाऊत. भाव इचारी लेऊत.”

एसटीत ते पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. दुकानात पोहोचलो तेव्हा पंडितशेठ मला पाहून उठला आणि माझ्यामागे आबांना पाहून पुन्हा बसला, मग पुन्हा उठला. त्यानं स्टूल पुसून दिलं. आबांनी यंत्र मागितलं, खोक्यातून काढून हातात तोललं, पातं अंगठ्यानं पाहिलं, वायर ओढून पाहिली. खूप वेळ घेतला त्यांनी. मग यंत्र खाली ठेवून म्हणाले, “मनी पोर इतल्या खेपा घाली राह्यनी आन् तुमना भाव काही येत नही. काय गोष्ट शे?”

बाहेर आग्रा रोडवरून ट्रक जात होते. एक मोठा ट्रक भोंगा वाजवत गेला आणि पंडितशेठनं तो जाऊ दिला. इतके दिवस माझ्याशी शहरी बोलणारा तो माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. “भाव मनाजोडे पहिल्या दिवसपासून व्हता, आबा.”

“मंग?”

“सांगा असता तं त्या यंत्र लेत्यात आन् जात्यात. मंग परत कसाले येत्यात?”

मी कोपऱ्यातल्या खिळ्यांच्या डब्यांकडे बघत होते. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं आणि तिथून कुठेही जावंसं वाटलं नाही, दोन्ही.

“तिनी पाचोऱ्यानी गोष्ट माहीत शे तुमले?” आबांनी विचारलं.

“त्यांनीच सांगं. मना मायसमोर.”

“मंग तुम्ही काय म्हनात?”

“मी म्हनं, मंगळवारी या.”

मग त्यानं आपलंही सांगितलं. लग्न झालं होतं, बायको काविळीनं गेली, मूल नाही, घरी आई आणि तो. त्याच्या आईनं माझी चौकशी धरणगावला करून ठेवली होती, पण विचारायला कोणाला पाठवावं हे त्यांना कळत नव्हतं. आपल्यासारख्यानं विचारलं तर मिस्त्रींना राग येईल, मग पोरगी यायचीच बंद होईल, म्हणून तो मंगळवार मंगळवार करत राहिला. बोलताना त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. हातातला कपडा मात्र पिळून पिळून दोरी केला.

आबा उठले. मला म्हणाले, “जरा बाहेर ये.” दुकानाच्या पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधे आम्ही दोघं उभे राहिलो. ते माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत म्हणाले, “तुनं काय म्हननं शे?”

पाचोऱ्याच्या वेळी मला हे कोणी विचारलं नव्हतं. आबांनीही नाही, तेव्हा असं विचारायचं असतं हेच आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. कोणत्याही दुकानात माझी जीभ अडखळत नसे, ती तिथे अडखळली. शेवटी मी म्हटलं, “मला इथे यायला आवडतं, आबा.”

त्यांनी मान हलवली. टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली आणि आत गेले.

हे आता मी लिहिलेलं वाचून दाखवलं की आतल्या खोलीतून यांचा आवाज येतो, “भाव मी दुसऱ्याच खेपेला सांगितला होता. तूच ऐकला नाहीस.” या वयात त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, पण एवढं बरोबर ऐकू येतं. आमचा हा वाद कितीतरी वर्षं चालू आहे. मी माझं लिहिलेलं खोडणार नाही.

लग्न साधंच ठरलं, आमच्याच दारात, संध्याकाळी, दोन्हीकडची मोजकी माणसं. तयारी सुरू असताना पंडितशेठ एकदा धरणगावला आले ते काखेत खोकं घेऊनच. तोच जर्मन रंधा. आबांपुढे ठेवून म्हणाले, “आबा, हे ठेवून घ्या.” आबांनी खोक्याला हात लावला नाही. पंडितशेठ म्हणाले, बरं, मला पडला त्या भावानं घ्या. आबा म्हणाले, “नको. लोक काय म्हनतीन? आबा मिस्त्रीनं पोर दिधी आन् रंधा लिधा.”

“मग बाजारभावानं घ्या.” त्यांनी एकदाचा भाव सांगितला. “एक पैसाही कमी करत नाही.”

“तरी बी तेच म्हनतीन,” आबा म्हणाले. “तुमना दुकानमातलं यंत्र मना पडवीमा येवाव नही.”

खोकं घेऊन ते परत गेले. मला आबांचा राग आला. फैजपूरचं काम अर्ध्यावर, खांदा उचलत नाही, हातात आलेलं यंत्र परत! मी मायजवळ कुरकुर केली. माय फक्त म्हणाली, “त्यासले करू दे.”

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आबांनी मला जळगावला सोबत घेतलं. कांतिशेठ गादीवरून उठले. यंत्र समोर ठेवलं आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाले, की त्या दिवशीचा भाव आता राहिला नाही, तो माल संपला, नवीन आला तो चढ्या भावानं. त्यांनी नवा भाव सांगितला आणि पाणी मागवलं. आता बेन सुरू होणार, अशा तयारीनं ते मांडी घालून बसले. माझ्याही तोंडात वाक्य तयार होतं. “शेठ, पात्यांचा जोड...” एवढं म्हणाले आणि आबांचा हात माझ्या हातावर आला.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “बांधा, शेठ. पक्कं बिल द्या.”

कांतिशेठना ते खरंच वाटेना. “आबा, धुळ्याला कमी असेल ना?”

“व्हई,” आबा म्हणाले. “पन धुळ्याले मनी पोर देयेल शे. तठलं यंत्र मी लेत नही.”

कांतिशेठनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मला ओळखत असूनही ते पहिल्यांदाच पाहत असावेत, असे. मग त्यांनी स्वतः उठून खोकं बांधलं, गाठ दोनदा मारली, आणि दुकानाच्या पायरीपर्यंत आमच्याबरोबर आले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये गर्दी नव्हती. आबांनी खोकं बाकावर ठेवू दिलं नाही, मांडीवर घेऊन बसले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मला राहवेना. सगळे भाव माझ्या डोक्यात होते, जळगावचे दोन, धुळ्याचा एक, आणि त्यांतला सगळ्यात चढा आम्ही मोजून आलो होतो. मी म्हटलं, “आबा, आपण किती जास्त दिले, माहीत आहे का?”

“माहीत शे.”

गाडीनं वेग घेतला. दुखऱ्या हातानं त्यांनी खोकं जरा जवळ ओढून घेतलं, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सस्तं पडनं, इंदू.”